चौकशीचा घोडा

"आजपासून या घरात त्या घोड्याचं नाव कुणीही काढायचं नाही," दादांनी जाहीर केलं. जाहीर करताना ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते, एक हात कठड्यावर, दुसरा कोटाच्या खिशात. ज्याच्या घोड्यानं एकेकाळी सगळ्या मोठ्या शर्यती जिंकल्या, त्या माणसानं जसं उभं राहावं तसे.

"कुठल्या घोड्याचं?" वहिनींनी विचारलं. त्या खाली जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडत होत्या.

"पाहुण्याचं," दादा म्हणाले.

बंदी अशा रीतीनं पुढच्याच श्वासाला मोडली, आणि मोडणारे दादाच निघाले. एवढ्या वर्षांच्या संसारात वहिनींनी बऱ्याच बंद्या येताना आणि जाताना पाहिल्या होत्या. साखरेवरची पाहिली होती, वर्तमानपत्रावरची पाहिली होती, शेजारच्या कुत्र्यावरचीही पाहिली होती. त्या एवढंच म्हणाल्या, की आज भावजी जेवायला येतायत ते त्यांचं अभिनंदन करायला, तर ते नक्की कशाबद्दल करायचं तेही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको.

यावर दादा तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आले.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी वर्षातली सर्वांत मोठी शर्यत झाली आणि ती पाहुण्याच्या मुलीनं जिंकली. नुसती जिंकली असती तर दादांनी एखाद्या आठवड्यात ते पचवलं असतं. पण शेवटच्या वळणानंतर ती इतकी पुढे होती, की बाकीचे घोडे अजून धावतायत हे दाखवायला टीव्हीवाल्यांना कॅमेरा मागे न्यावा लागला. दादांनी शर्यत पाहिली नाही. त्या वेळी ते तबेल्यात खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते, कारण बिजागऱ्या फार दिवस तशाच राहिल्या होत्या आणि त्यांना नेमका तोच मुहूर्त होता. पण पांढऱ्या कुंपणापलीकडून, म्हणजे धाकट्या भावाच्या, भाऊच्या बाजूनं, जो आरडाओरडा उठला त्यावरून निकाल बिजागऱ्यांनाही कळला.

पाहुणा हे काही त्या घोड्याचं खरं नाव नव्हतं. कागदावर त्याचं नाव विजेबिजेचं काहीतरी होतं. पण शर्यतीत तो सगळे पोचल्यावर, बक्षीस वाटण्याच्या सुमारास, दोन्हीकडच्या लोकांवर नजर टाकत आरामात यायचा, जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. तेव्हा वडिलांनीच त्याचं हे नाव ठेवलं. दादांचा तो शर्यती जिंकणारा घोडा म्हणजे बादशहा; पाहुणा त्याचा सख्खा भाऊ. आई तीच, बाप तोच, मधे एक वर्ष. बादशहा धावायला लागला की लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. पाहुणा धावायला लागला की लोक चहाला जायचे. वडिलांनी जाताना कुरणाचे दोन भाग केले, मधे पांढरं कुंपण घातलं आणि बादशहा दादांना दिला, पाहुणा भाऊला. तेव्हा सगळ्यांना ही वाटणी फार स्वाभाविक वाटली. भाऊलाही वाटली. तो शाळेत तीनदा एकाच इयत्तेत बसलेला मुलगा होता आणि घोड्यावरून पहिल्याच अडथळ्याला पडलेला स्वार होता; आयुष्यात आपल्या वाट्याला काय येतं याची त्याला चांगली सवय होती.

पैदाशीच्या धंद्यात एक काम असतं, ज्याबद्दल चारचौघांत कुणी फारसं बोलत नाही. घोडी माजावर आली आहे की नाही, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि नामांकित घोड्याला विचारायला पाठवणं शहाणपणाचं नसतं, कारण घोडीच्या मनात नसेल तर ती लाथ घालते आणि ती लाथ नको तिथे बसते. म्हणून एक बिननावाचा घोडा बाळगतात. फळ्यांच्या आडोशाच्या एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला हा. यानं मान पुढे करायची, हुंगायचं, लाडात यायचं, तिचं किंचाळणं ऐकून घ्यायचं, चावे खायचे. घोडी राजी दिसली, की मोतद्दार याचा लगाम धरतो आणि याला परत नेतो. मग खरा घोडा येतो. या घरात त्याला चौकशीचा घोडा म्हणत. वाटणीनंतर पहिली चार वर्षं ते काम पाहुण्यानं केलं. भाऊ रोज सकाळी त्याला कुंपण ओलांडून दादांकडे आणायचा, पाहुणा चौकशी करायचा आणि उरलेलं बादशहा बघायचा. ही व्यवस्था सगळ्यांना पटली होती. पाहुण्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग एका हंगामात भाऊनं दादांना विचारलं, की तुमच्याकडच्या नको असलेल्या घोड्या असतील तर पाहुण्याला दाखवू का, बिचारा रोज नुसताच परत येतो. दादांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. एक वाकड्या पायाची दिली, एक मोतद्दारांना चावणारी दिली, एका डोळ्यानं अधू असलेली दिली, आणि एक अशी दिली की तिच्यात नेमका दोष काय हे सांगता येत नव्हतं, पण सगळेच होते. त्यांची शिंगरं मोठी झाली आणि धावायला लागली. एक जिंकलं, दुसरं जिंकलं, चावणारीचं तर दोनदा जिंकलं. आता हे आईचं रक्त आहे असं म्हणायची सोय दादांनीच ठेवली नव्हती. त्यांनी आपल्या हातानं पाहुण्याची इतकी कडक परीक्षा घेऊन ठेवली होती, की तो पास झाल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

आणि बादशहा? त्याला आसपासच्या सगळ्या उत्तम घोड्या मिळाल्या. त्याची शिंगरं दिसायला देखणी निघाली. चालायची तर रस्त्यावरचे लोक थांबायचे. पळायला लागली की तीही थांबायची. एक पोलिसांकडे गेलं, एक बागेत मुलांना फेऱ्या मारायला गेलं. एकाचा फोटो घोड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर छापला गेला, आणि ती पोती भाऊकडे ट्रक भरभरून यायची.

मुख्य फाटक दोघांचं एकच होतं. आतला रस्ता दादांच्या व्हरांड्यापुढे दुभंगायचा. उजवीकडे दादांचे तबेले, डावीकडे भाऊचे. पूर्वी घोड्यांच्या गाड्या न विचारता उजवीकडे वळत. हल्ली त्या व्हरांड्यापुढे थांबत, ड्रायव्हर काच खाली करी, आणि खुर्चीत बसलेल्या दादांना विचारी, "काका, पाहुणा कुठं?" दादा हातातलं वर्तमानपत्र न हलवता म्हणत, "डावीकडे." हंगामात हे दिवसातून चार-पाच वेळा होई. वहिनींनी सुचवलं होतं की एक पाटी लावू. दादा म्हणाले होते, पाटी लावली तर ती कायमची होईल.

"आणि मखमलचं काय?" वहिनींनी शेवटची ताटली ठेवून विचारलं.

दादा पहिल्या पायरीवर आले.

मखमल ही दादांची घोडी. वडिलांनी या कुरणात आणलेल्या पहिल्या घोडीची नात, आणि त्या ओळीतली शेवटची. ती म्हातारी झाली होती. तीन हंगाम तिला बादशहा दाखवला आणि तीनही वेळा ती रिकामी राहिली. भाऊची मुलगी घोड्यांची डॉक्टर होती. तिनं मागच्याच महिन्यात मखमलला तपासून सांगितलं, की मोठे काका, हा हंगाम शेवटचा, आणि या वेळी बादशहाचा हट्ट नको. म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. पण पाहुणाही आता वयाचा झाला होता आणि त्याच्याकडे किती घोड्या पाठवायच्या याची हद्द त्याच डॉक्टरनं घालून दिली होती. ती हद्द शर्यतीच्या आधीच भरली होती. शर्यतीनंतर तर काल संध्याकाळपासून भाऊचा फोन ठेवता येत नव्हता.

"आज विचारा," वहिनी म्हणाल्या. "घरचाच माणूस आहे."

"मी? त्याच्याकडे? घोडी मागायला... घोडा मागायला?" दादांचा आवाज चढला. "चार वर्षं माझ्या दारात सकाळी सकाळी हुंगत उभा असायचा तो."

"भावजी?"

"घोडा."

वहिनी म्हणाल्या, मखमलच्या पोटी काही आलं नाही तर वडिलांनी सुरू केलेलं तुमच्या बाजूला काहीच उरत नाही, एक म्हातारा देखणा घोडा सोडला तर. हे वाक्य त्यांनी बादशहाकडे बघून म्हटलं की दादांकडे, ते ठरवणं अवघड नव्हतं, कारण बादशहा तिथे नव्हता.

अक्का आल्या तेव्हा दादा कोटाची बटणं लावत होते. अक्का ही मधली बहीण, दादांच्या पाठची आणि भाऊच्या वरची, आणि आजवरच्या प्रत्येक भांडणात दादांच्या बाजूची. वाटणीच्या वेळी त्या दादांच्या बाजूच्या होत्या, विहिरीच्या भांडणात होत्या, कुंपणाच्या रंगाच्या वादातही होत्या. त्यांनी हातातला खोका टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आणि आतल्या केकवर साखरेचा एक घोडा उभा होता. तपकिरी. एक मागचा पाय पांढरा. बादशहाचे चारही पाय काळे होते.

"भाऊ आले का?" अक्कांनी विचारलं.

दादांनी वर पाहिलं. अक्का भाऊला जन्मापासून अरेतुरे करत आल्या होत्या. भाऊ आला का, भाऊ जेवला का, भाऊ पडला का. आज भाऊ 'आले' होते. ही बढती कालच्या शर्यतीनंतर, रातोरात झाली होती. दादांना साखरेच्या घोड्याचं एवढं लागलं नाही जेवढं त्या एका क्रियापदाचं लागलं. ते म्हणाले, यायचे आहेत. आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या दिवाणखान्यातला बादशहाचा मोठा फोटो कसा आहे.

अक्का म्हणाल्या, ऊन लागतं म्हणून पॅसेजमध्ये हलवलाय.

"पॅसेजमध्ये अंधार आहे," दादा म्हणाले.

"तेच तर. ऊन लागत नाही."

भाऊ आला तो नेहमीच्या कोपरावर भोक पडलेल्या स्वेटरमध्ये, हातात गाजरांची जुडी घेऊन. गाजरं बादशहासाठी होती. गेली कित्येक वर्षं तो या घरी येताना बादशहासाठी गाजरं आणायचा आणि दादांना आजवर त्यात काही गैर दिसलं नव्हतं. आज मात्र ती त्यांना आजारी माणसाला भेटायला आणलेल्या फळांसारखी दिसली. मागून डॉक्टर आली. तिच्या मागून दादांचे चिरंजीव आले. ते सकाळपासून घरात नव्हते आणि ते डावीकडून आले, ही गोष्ट दादांनी मनात नोंदवून ठेवली.

आता सुरीचा प्रश्न होता. या घरात वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. ज्याच्या घोड्याचं रक्त मोठी शर्यत जिंकेल, त्यानं त्या वर्षी टेबलाच्या टोकाला उभं राहून भाजलेलं मांस कापायचं आणि सगळ्यांना वाढायचं. मोठी शर्यत कुणीच जिंकली नाही तर ज्यानं शेवटची जिंकली त्यानंच कापत राहायचं. बादशहा स्वतः जिंकल्यापासून सुरी दादांकडे होती. इतकी वर्षं, की तिची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झाली होती.

वहिनींनी मांसाची मोठी थाळी आणून ठेवली. शेजारी सुरी ठेवली. ठेवताना मूठ कुणाकडे करावी याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि ती खिडकीकडे केली.

सगळे बसले. सुरीला कुणी हात लावला नाही. डॉक्टर म्हणाली, थंड होतंय. अक्का म्हणाल्या, वडिलांची पद्धत ती पद्धत, आणि भाऊंकडे पाहिलं. दादांना आठवलं, की कुंपणाच्या वादात हेच वाक्य अक्कांनी त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं. ते उठले. सुरी उचलली. आपल्या तोंडातला घास काढून द्यावा तशी ती भाऊपुढे धरली आणि म्हणाले, "घे. तुझा मान आहे."

भाऊनं घेतली. उभा राहिला. मांसाकडे बघितलं, सुरीकडे बघितलं, पहिला काप घातला. काप म्हणून जे निघालं त्याला एका बाजूला जाडी होती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. दुसरा त्याहून वाईट निघाला.

"दादा, माझ्या हातून भुगा होतोय," तो म्हणाला. "तुम्हीच कापा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

सुरी परत दादांकडे आली. आता ती मानाची नव्हती, हाताच्या कौशल्याची होती. हॉटेलातल्या आचाऱ्याकडे असते तशी. दादांनी एकसारखे, पातळ, सुंदर काप केले आणि प्रत्येक काप ताटलीत पडताना त्यांना वाटत राहिलं, की भाऊनं सुरी ठेवून घेतली असती तर बरं झालं असतं. हिसकावून नेणाऱ्यावर जळता येतं. परत देणाऱ्याचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जेवताना बोलणं काल जिंकलेल्या घोडीचं निघालं, मग तिच्या बापाचं. काल रात्रीपासून कुठून कुठून फोन आले ते अक्कांनी भाऊला विचारून विचारून बाहेर काढलं. भाऊ लाजत सांगत होता. दादा बटाट्याची साल काढत होते; बटाटे सोललेलेच होते. शेवटी ते म्हणाले, की शर्यत घोडी जिंकली आहे, बाप नाही. बाप बिचारा काल दुपारी गवत खात होता. आणि तसं बघितलं तर बापाचं काम किती, पाच मिनिटांचं.

"त्या पाच मिनिटांसाठीच गाड्या डावीकडे वळतात," वहिनी म्हणाल्या. वहिनी आपल्या बाजूला आहेत असं दादा सकाळपर्यंत धरून चालले होते.

डॉक्टरनं मग नेटकेपणानं समजावलं, की स्वतः धावणं ही एक गोष्ट आणि धावण्याचा गुण पुढे देणं ही दुसरी. एखाद्याच्या अंगात गुण असतो आणि तो त्याच्यापाशीच संपतो. एखाद्याच्या अंगात दिसत नाही, पण पुढच्या पिढीत उतरतो. सख्ख्या भावांतही असं होतं.

दादा तरुणपणी स्वारीत सोन्याची पदकं मिळवलेले. त्यांचे चिरंजीव घोड्यावर बसले की त्यांना गरगरायचं. खाली उभं राहून धरला तरी थोडं गरगरायचं. भाऊ तीनदा नापास झालेला. त्याची मुलगी पहिल्या नंबरानं डॉक्टर झालेली आणि आत्ता समोर बसून हे सांगत असलेली. तुलना एकाच वेळी प्रत्येकाच्या मनात आली आणि प्रत्येकानं एकाच वेळी बटाटे मागितले.

चिरंजीवांनी हीच वेळ निवडली. ते म्हणाले, "बाबा, मी पुढच्या महिन्यापासून काकांकडे काम करायचं म्हणतोय. येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक, फोन, लोकांशी बोलणं. मला ते जमेल असं काका म्हणतात."

"तुला जमेल असं मला कधी कुणी सांगितलं नाही," दादा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही, बाबा."

दादांनी भाऊकडे पाहिलं. भाऊनं ताटलीकडे. अक्का म्हणाल्या, चांगलंच आहे की, घरातल्या घरात. वहिनी काहीच म्हणाल्या नाहीत, म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. एका मोठ्या टेबलाची पाच माणसं हळूहळू डावीकडे सरकली होती आणि उजवीकडे दादा, सुरी आणि उरलेलं मांस एवढंच राहिलं होतं. केक कापायच्या आधी दादा उठले. म्हणाले, बादशहाला पाणी दाखवायचंय.

बादशहाला पाणी दाखवायची काही गरज नव्हती. त्याच्या बादलीत ते होतं. दादा त्याच्या कप्प्याच्या अर्ध्या दाराला टेकून उभे राहिले. बादशहा मागच्या भिंतीपाशी उन्हात उभा होता. म्हातारा झाला तरी मान तशीच कमानदार, कातडी तशीच चकचकीत, आणि आपल्याकडे कुणीतरी बघतंय याची तशीच जाणीव. शेजारच्या कप्प्यातून मखमलनं डोकं बाहेर काढलं. तिच्या डोळ्यांवरचे खड्डे आता खोल झाले होते. दादांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. वडील तिच्या आजीच्या कपाळावर असाच ठेवायचे, तेव्हा दादा इतके लहान होते की त्यांना उचलून धरावं लागे.

मागून गाजरं मोडल्याचा आवाज आला. भाऊ आला होता.

भाऊनं एक तुकडा बादशहाला दिला, एक मखमलला. बादशहानं तो उपकार केल्यासारखा घेतला.

"चिरंजीवांचं मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं," भाऊ म्हणाला.

"हं."

"तो म्हणाला, मी सांगतो."

"सांगितलं त्यानं," दादा म्हणाले. मग मखमलच्या कानामागे खाजवत, तिच्याशीच बोलल्यासारखं: "डॉक्टर म्हणते हिचा शेवटचा हंगाम."

"हो. मला बोलली."

"दात अजून चांगले आहेत."

"आहेत."

"चालही बरी आहे."

"छान आहे चाल."

दादांना वाटलं, की भाऊनं आता स्वतःहून म्हणावं. भाऊ गाजर मोडत राहिला. चौकशी करायला दादांनाच पुढे व्हायचं होतं आणि आडोशाच्या फळ्या मधे नव्हत्या. सकाळी जिन्यावर केलेली घोषणा त्यांच्या घशात आडवी उभी होती. त्यांनी खाकरून पाहिलं. ती हलली नाही. मग त्यांनी तिच्या बाजूनं वाट काढली.

"तुझ्या त्या... त्या घोड्याकडे एखादी जागा..." ते म्हणाले. "नसेल तर राहू दे. मला माहीत आहे, हद्द भरलीय. डॉक्टर नाहीच म्हणेल. मी आपलं विचारलं."

"पाहुण्याकडे?" भाऊ म्हणाला. "मखमलची जागा मी पहिल्याच दिवशी ठेवलीय. हद्द ठरली ती तिला धरूनच ठरली. काल किती मोठ्या माणसाचा फोन आला, तिच्या जागेसाठी. मी म्हटलं, ती वडिलांच्या घोडीची नात आहे, ती जागा गेलेली आहे."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं."

"आणि नसतं विचारलं तर?"

भाऊनं यावर विचार केला. "तर रिकामी राहिली असती," तो म्हणाला.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मखमलची ओळ राहणार होती, वडिलांनी सुरू केलेलं काहीतरी उजव्या बाजूच्या गवतावर पुन्हा धडपडत उभं राहणार होतं, आणि हे सगळं ज्याच्यामुळे होणार होतं त्याच्यावर जळायचंही धड जमेना. त्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"तुला आज बरं वाटत असेल," ते म्हणाले. "सगळे तुझ्या बाजूला. अक्कासुद्धा."

"अक्काचं काय घेऊन बसलात," भाऊ म्हणाला. त्यानं बादशहाकडे मान केली. "खरं सांगू दादा? मला अजून याच्याकडे बघितलं की पोटात दुखतं."

"कशाबद्दल?"

"दिसतो कसा बघा. माझा आता तीन मुलखांत गाजला, पण पुढून बघा नाहीतर मागून, गाढवात उभा केला तर ओळखू येणार नाही. लोक एवढ्या लांबून येतात, त्याच्यापुढे उभे राहतात, आणि मला विचारतात, पाहुणा कुठं आहे. हा नुसता उभा असतो तरी कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी आमच्या घोड्या कुंपणापाशी येऊन याच्याकडेच बघत असतात. सगळ्या. मी रोज बघतो. तेव्हा वाटतं, वडिलांनी वाटणीत मला एकदा तरी विचारायला हवं होतं."

दादांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. फार बरं वाटलं. छाती कोटाच्या बटणांना लागली. म्हणजे आग दोन्ही बाजूंना होती, त्या पांढऱ्या कुंपणाला लागून, इतकी वर्षं. भाऊच्या बाजूची फक्त धूर न करता जळत होती. त्यांनी मोठ्या भावाचा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, वडिलांचं काही चुकलं असेल तर ते आता आपण सुधारू. तुला बादशहाचं काय हवं ते माग. त्याचा दिवाणखान्यातला मोठा चषक हवा असेल तर चषक घेऊन जा. जिंकला तेव्हाचं खोगीर हवं असेल तर खोगीर. मनात ठेवू नकोस.

"चषक नको," भाऊ म्हणाला. त्यानं स्वेटरच्या कोपरावरच्या भोकात बोट घातलं आणि ते थोडं मोठं केलं. "एक छोटंसंच होतं. तुम्हाला राग येणार नसेल तर."

"बोल की."

"आमचा चौकशीचा घोडा गुडघ्यातून गेलाय. हंगाम तोंडावर आला. आणि तुमचा बादशहा हल्ली तसा रिकामाच असतो, घोड्या तर याला बघून लगेच बोलत्या होतात... तर सकाळचे दोन तास याला पाठवाल का? लगाम आमच्याकडचा घालू, याचा चांगला आहे, खराब व्हायला नको."